आईच्या अक्षरातली ओळ हातावर गोंदवून घ्यावी का?

नगरची लेक:
सर्वांना सलाम. मी 36 वर्षांची असून पुण्यात नोकरी करते. आमचे घराणे नगर जिल्ह्यातले, चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. गेल्या वर्षी आई प्रभूमध्ये निजली. तिचे पवित्र शास्त्र चाळताना तेविसाव्या स्तोत्राच्या कडेला, कोऱ्या जागेत, निळ्या बॉलपेनने लिहिलेली एकच ओळ सापडली: ‘मला कांही उणे पडणार नाही.’ छापील ओळीत ‘काही’ आहे. आईने मात्र ‘कां’वर टिंब दिले आहे, कारण तिचे वडील जुन्या वळणाचे मास्तर होते आणि तिचे शुद्धलेखन त्यांच्याच हाताखाली झाले होते. शेवटच्या आजारपणात हात थरथरत असल्याने ‘उणे’वरची रेघ खाली घसरली आहे. ही ओळ तिच्याच अक्षरात डाव्या हाताच्या आतल्या बाजूला गोंदवून घ्यावी, असे सहा महिन्यांपासून मनात आहे. आजवर मी अंगावर काहीही गोंदवलेले नाही.

वडिलांना विचारले, तेव्हा त्यांनी काही न बोलता बायबलच्या जुन्या करारातले लेवीय 19:28 काढून माझ्यापुढे ठेवले: मृतासाठी अंगावर जखमा करून घेऊ नका, अंग गोंदवून घेऊ नका, असे ते वचन आहे. मोशेचे नियमशास्त्र आज आपल्याला बंधनकारक नाही, हा युक्तिवाद मी तयारच ठेवला होता. पण त्यांनी बोट ठेवले ते ‘मृतासाठी’ या शब्दावर. ‘तू नेमके तेच करायला निघाली आहेस,’ एवढेच ते म्हणाले. यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून येथे विचारत आहे.

निवृत्त पाळक:
ताई, तुमच्या वडिलांनी वचन नीट वाचले आहे, हे आधी मान्य करू. ‘त्याच अध्यायात दाढीची कड कापू नका आणि दोन प्रकारच्या धाग्यांचे कापड वापरू नका असेही आहे, ते आपण कुठे पाळतो?’ हे उत्तर हल्ली तरुण मंडळी सर्रास देतात, पण मला ते फार स्वस्त वाटते; कारण आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, ही आज्ञाही त्याच अध्यायात, दहाच ओळी वर, अठराव्या वचनात आहे, आणि तिला कोणी जुनी झाली म्हणत नाही.

आता ‘मृतासाठी’ या शब्दाकडे वळू. त्या वचनात तो अंगावर जखमा करून घेण्याला जोडलेला आहे. गोंदण्याची मनाई त्याच्या लगतच, पण वेगळी येते. जुन्या करारातल्याच ‘अनुवाद’ या पुस्तकात, 14:1 मध्ये, मृतासाठी अंग कापण्याची मनाई पुन्हा केलेली आहे, तेथे गोंदण्याचा उल्लेख नाही. गोंदण्यासाठी वापरलेला मूळ इब्री (हिब्रू) शब्द सबंध शास्त्रात याच एका ठिकाणी येतो, त्यामुळे त्याचा नेमका रोख कोणत्या प्रथेवर होता याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. आजूबाजूच्या लोकांचे शोकविधी आणि त्यांच्या दैवतांच्या खुणा इस्राएलाने अंगावर घेऊ नयेत, असा अर्थ पुष्कळ जण लावतात आणि मलाही तो पटतो. उलट बाजूला यशया 44:5 आहे, जेथे एक जण आपल्या हातावर ‘परमेश्वराचा’ असे लिहील असे म्हटले आहे. ही सुईने गोंदण्याची परवानगी आहे असे मी म्हणणार नाही. पण हातावरचे अक्षर स्वभावतःच अपवित्र असते, असेही त्यावरून म्हणता येत नाही.

माझ्या मते तुमच्यापुढचा प्रश्न असा आहे की, ही ओळ आईसाठी आहे की आईने जे धरून ठेवले होते त्यासाठी आहे. तिचे नाव आणि तारीख गोंदवणार असता, तर मी वडिलांच्या बाजूने बोललो असतो. एक विनंती मात्र आहे. ‘ख्रिस्तात मी मोकळी आहे’ असे म्हणून विश्वासात दुर्बळ असलेल्यांना सांभाळून घ्या असे सांगणारा रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय वडिलांच्या तोंडावर फेकू नका. ते विश्वासात दुर्बळ नाहीत. त्यांची पत्नी गेली आहे.

वसईची, सध्या कुवेत:
आम्ही कॅथलिक, त्यामुळे आमच्या घरी हा वाद वेगळ्या सुरात होतो, पण होतोच. मी येथे परिचारिका आहे. आमच्या वॉर्डातल्या इजिप्तच्या कॉप्टिक (म्हणजे तिथल्या प्राचीन ख्रिस्ती मंडळीच्या) सहकाऱ्यांच्या उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला लहानसा क्रूस गोंदवलेला असतो. अनेकांना तो अगदी लहानपणी, चर्चच्या जत्रेत काढून मिळालेला असतो. अल्पसंख्य म्हणून जगताना ती त्यांची उघड कबुली आहे. यरुशलेमच्या जुन्या शहरात मूळचे इजिप्तचे रझूक घराणे पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती यात्रेकरूंना गोंदत आले आहे आणि कोरलेले जुने लाकडी ठसे त्यांच्याकडे आजही आहेत. तेव्हा ‘ख्रिस्ती माणूस गोंदवत नाही’ हे विधान आपल्याकडच्या मंडळ्यांपुरते खरे असेल, जगापुरते नाही.

आपल्याकडेही पाहा. माझ्या पणजीच्या हनुवटीवर तीन ठिपके होते. ‘बाकीचे दागिने लोक काढून घेतात, गोंदण तेवढे वर बरोबर येते,’ असे ती म्हणायची. फादरांनी तिला त्यावरून कधी टोकल्याचे कोणी सांगत नाही.

कडेकडेने:
त्या पानाची चौकट करून भिंतीवर लावली तर चालणार नाही का? मला तरी हातावर वचन म्हणजे रोज परीक्षा वाटेल. रिक्षावाल्याशी भांडताना तो हात पुढे करावासा वाटणार नाही.

सुई आणि शाई, कोल्हापूर:
शास्त्रातले मला कळत नाही, मी गोंदणकाम करतो, म्हणून तेवढेच सांगतो. कडेच्या कोऱ्या जागेत लिहिलेले अक्षर बारीक असणार, ते आहे त्या आकारात काढू नका. शाई वर्षांनुवर्षे त्वचेत पसरत जाते आणि मग ‘णे’चा दांडा व ‘ही’ची वेलांटी शेजारच्या अक्षराला चिकटते. ओळ मोठी करून घ्या. घसरलेली रेघ तशीच हवी आहे, हे आधी ठासून सांगा, नाहीतर कारागीर चांगुलपणाने ती सरळ करून टाकेल. ‘कां’वरचे टिंबही थोडे ठळक ठेवा, नाहीतर काही वर्षांनी लोक त्याला तीळ समजतील. सुई लागण्यापूर्वी हातावर उमटवलेला छाप स्वतः अक्षर न अक्षर वाचा. कारागीर मराठी वाचणारा असेलच असे नाही. सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून निघाली पाहिजे आणि शाई वेगळ्या छोट्या कपात ओतली गेली पाहिजे.

रक्तदान करत असाल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. गोंदवल्यानंतर आपल्याकडच्या रक्तपेढ्या 12 महिने रक्त घेत नाहीत.

नगरची लेक:
सर्वांचे मनापासून आभार. रक्तदानाची गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. आईला पुष्कळ रक्त चढवावे लागले होते आणि तेव्हापासून मी नेमाने देते. पुढची खेप जूनमध्ये आहे, ती देईन आणि मग ठरवीन. वर्षभर देता येणार नाही, हे मनाला खुपते आहे.

पाळकसाहेबांचे उत्तर वडिलांना वाचून दाखवले. त्यांनी ते दोनदा वाचायला लावले आणि आपले मत बदललेले नाही, असे स्पष्ट सांगितले. थोड्या वेळाने म्हणाले, ‘त्या पानाची झेरॉक्स काढू नकोस, टिंब उडेल. नीट स्कॅन करून घे.’ कोल्हापूरकर, स्कॅन किती डीपीआयचा लागेल?

सुई आणि शाई, कोल्हापूर:
600 पुरे. रंगीत काढा आणि पुस्तक फार दाबू नका, शिवण उसवेल.