ओव्हलच्या इमारतींचे फोटो कॅलेंडरवर छापायचे आहेत, परवानगी कुणाची?

प्रश्न
ओव्हल मैदान, मरीन ड्राइव्ह परिसराचे 12 फोटो, सगळे रस्त्यावरून काढलेले. 9 माझे, 3 मित्राने पैसे न घेता दिलेले. कॅलेंडर छापून विकायचंय. सोसायट्यांची ना-हरकत लागेल का? एका फोटोत चर्चगेट स्टेशनवरचं गांधीजींचं भित्तिचित्र आहे, एकात ताज हॉटेल.

उत्तर 1
सोसायटीची ना-हरकत लागत नाही. कॉपीराइट कायदा 1957, कलम 52(1)(एस) : वास्तूचा फोटो काढणं आणि प्रसिद्ध करणं हे उल्लंघन नाही. विक्रीसाठी असला तरी. पण ही मुभा कॉपीराइटपुरती. फाटकाच्या आत, जिन्यात, गच्चीवर जायचं तर परवानगी हवीच. रस्त्यावर उभं असताना वॉचमन ‘डिलीट करा’ म्हणाला तर तसं बंधन नाही आणि कॅमेरा काढून घ्यायचा त्याला अधिकार नाही.

उत्तर 2
भित्तिचित्राचा फोटो आधी बाजूला ठेवा, बहुतेकांची फसगत तिथेच होते. पुढचं पोटकलम (टी) सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पांना आणि कलात्मक कारागिरीला मुभा देतं, चित्रांना नाही. म्हणजे चौकातला पुतळा चालेल, शेजारच्या भिंतीवरचं चित्र नाही. रस्ता, टॅक्स्या, अख्खी इमारत आणि त्यात चित्र ओघाने आलेलं, अशी फ्रेम असेल तर धोका कमी. चित्रानेच फ्रेम भरली असेल तर चित्रकाराची लेखी परवानगी घ्या. मुदत आणि प्रदेश लिहायला विसरू नका. नाहीतर कलम 19 नुसार 5 वर्षं आणि फक्त भारत, एवढंच धरतात. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना कॅलेंडर पाठवणार असाल तर तिथे अडकाल.

मित्राच्या 3 फोटोंचा कॉपीराइट मित्राचाच. त्याचीही सही घ्या, तोंडी ‘वापर रे’ पुरत नाही.

उत्तर 3
ताजचा मुद्दा ट्रेडमार्कचा आहे. त्या इमारतीची प्रतिमा 2017 मध्ये ट्रेडमार्क म्हणून नोंदली गेली. आतल्या पानावर गेटवेसकट देखावा आणि खाली साधी ओळख असेल तर तुमची बाजू भक्कम. मुखपृष्ठावर किंवा तुमच्या लोगोत एकटा घुमट मात्र नको, कॅलेंडर हॉटेलनेच काढलंय असं गिऱ्हाइकाला वाटेल.

प्रश्नकर्ता
चित्राने निम्म्याहून जास्त फ्रेम व्यापली आहे. तो फोटो काढून राजाबाई टॉवरचा घेतो. मित्राची सही आजच घेतो.