पायथॉनच्या जॉइनने आकडे स्वतःहून बदलून घ्यायला हवेत

खटपट्या:
यादीतल्या गोष्टी मध्ये स्वल्पविराम घालून एका ओळीत आणायच्या, एवढंच जॉइनचं काम. जावास्क्रिप्टमध्ये [१२, ७] ला जॉइन लावलं की "१२,७" हातात. पायथॉनमध्ये मात्र टाइपएरर, म्हणजे चुकीच्या प्रकाराची तक्रार: शून्याव्या (म्हणजे पहिल्या) जागी स्ट्रिंग (मजकूर) हवी होती, इंट (पूर्णांक) सापडला. अरे, सापडला ना? मग घे बदलून! दर वेळी आकड्यांचा मजकूर करायला मॅप आणि एसटीआर मीच का लिहायचं?

शून्यवीर:
साफ असहमत. त्याच जावास्क्रिप्टला [१२, नल, ७] देऊन बघा, नल म्हणजे रिकामी किंमत. "१२,,७" येतं, तक्रार काही नाही. जावाच्या स्ट्रिंग.जॉइनला यादीत नल मिळाला तर ते चक्क "नल" हा शब्द छापतं. पायथॉन स्वतःहून एसटीआर लावायला लागलं तर त्याच्या नलचं "नन" छापेल, तेही गिऱ्हाइकाच्या पत्त्यात, गल्ली आणि पिनकोडच्या मधोमध. आणि संगणकाच्या हिशेबात नेमकं ०.३ न येणाऱ्या ०.१ + ०.२ चं काय? ०.३०००००००००००००००४ असं बिलावर छापायचं? किती दशांश दाखवायचे ते लिहिणाऱ्यानेच ठरवावं.

खटपट्या:
नन आणि फ्लोटवर (दशांशी आकड्यांवर) अडा, माझी ना नाही. साध्या इंटमध्ये कसली आलीय संदिग्धता? शिवाय पायथॉनचंच प्रिंट यादी उलगडून दिली की सगळं मुकाट बदलून छापतं, ननसकट. एफ-स्ट्रिंगही (मजकुरात किंमती भरायची सोय) तेच करते. सोवळं फक्त जॉइनलाच?

शून्यवीर:
प्रिंट माणसाला दाखवण्यासाठी असतं. जॉइनमधून निघालेलं फायलीत, डेटाबेसच्या क्वेरीत जातं.

खटपट्या:
एफ-स्ट्रिंगमधलंही जातं की.

अर्धविराम:
थोडं विषयांतर. मला वेगळंच खटकतं. जॉइन यादीवर न लावता विभाजकावर (मधल्या स्वल्पविरामावर) का लावायचं? वाचताना उलटं वाटतं.

शून्यवीर:
यादी, टपल, सेट, जनरेटर अशा एकेक गोष्ट देणाऱ्या सगळ्यांना एकच जॉइन पुरतं म्हणून. नाहीतर प्रत्येकात वेगळं लिहावं लागलं असतं.

दोनकंस:
जावास्क्रिप्टचे गोडवे गाणाऱ्यांनी त्याच भाषेतलं इंटल.लिस्टफॉरमॅट बघावं. २०२१ च्या मानकात आलं. मराठी लोकेल (भाषेची निवड) दिलं की "आंबा, पेरू आणि चिकू" असं शेवटच्या "आणि"सकट जोडून देतं. त्यात आकडा टाका, टाइपएरर! म्हणजे नव्याने बांधायची वेळ आली तेव्हा त्यांनीही पायथॉनचाच रस्ता धरला. गो भाषेचा स्ट्रिंग्ज.जॉइनही फक्त स्ट्रिंगच घेतो.

खटपट्या:
लिस्टफॉरमॅट वाक्यं बनवतं, त्याला कडक राहू दे. मला रोज पन्नास आयडी लॉगमध्ये (प्रोग्रॅमच्या नोंदवहीत) टाकायचे असतात, आणि आयडी इंटच असतात.