ढोल पुण्याहून थेट की मुंबईमार्गे?

कार्यक्रम समिती:
मंडळी, इथे फ्रँकफर्टला आणायचे मिरवणुकीचे ढोल पुण्यात तयार आहेत. पथकातला मुलगा म्हणतोय, "ताई, पुण्याच्या विमानतळावर, लोहगावलाच कार्गोत टाकतो, मुंबईच्या टेम्पोचं भाडं वाचेल." मागच्या वर्षीचं रामायण सगळ्यांना आठवतंय, म्हणून आधीच विचारते. पुणे की मुंबई? त्याला आज रात्री कळवायचंय.

औंधकर काका:
पुणे! 2008 मध्ये लुफ्थान्साचं पुणे–फ्रँकफर्ट थेट विमान सुरू झालं, तेव्हा आमची आई लोहगावला बसली ती इथेच उतरली. मुंबईचं नाव नाही. आता तर टर्मिनलही नवं झालंय.

कोथरूडकर:
काका, ते विमान बंद होऊन जमाना झाला. आणि होतं तेव्हाही ते प्रायव्हेटएअर नावाच्या कंपनीचं छोटं बोइंग होतं. कारण धावपट्टी! लोहगाव हा 1939 चा ब्रिटिशांचा हवाईदलाचा तळ, मुंबईच्या रक्षणासाठी बांधलेला. आजही धावपट्टी हवाईदलाचीच, सुखोई तिथूनच उडतात, नागरी विमानांनी मधल्या वेळात आपलं उरकायचं. लांबी साधारण 2,535 मीटर. त्यात पुणे समुद्रसपाटीपासून जवळजवळ 600 मीटर उंच, म्हणजे हवा विरळ, वर उन्हाळा. पूर्ण इंधन आणि माल भरलेलं मोठं विमान युरोपपर्यंत न्यायचं तर एवढी पट्टी तोकडी पडते. 2021 च्या ऑक्टोबरात विमानतळ दोन आठवडे बंद ठेवून डांबरीकरण केलं, पण लांबी तेवढीच. टर्मिनल कितीही चकचकीत करा, विमान काचेवरून उडत नाही.

थोडक्यात, पुण्यात टाकलेले ढोल आधी छोट्या विमानाने दिल्लीला किंवा आणखी कुठे जाणार, तिथे उतरणार, पुन्हा चढणार. दोनदा आपटणार.

नागपूरकर वहिनी:
धावपट्टीचं म्हणाल तर आमच्या सोनेगावची 3,200 मीटर आहे, उगाच सांगून ठेवते. 1949 पासून रात्रीची टपाल विमानं आमच्याकडेच भेटत. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, चारही दिशांची विमानं मध्यरात्री उतरायची, पिशव्यांची अदलाबदल व्हायची, पहाटे आपापल्या गावी परत. माझे सासरे सांगायचे, लोक नुसती विमानं बघायला जात. पुण्याचं कौतुक पुरे करा आता.

कोल्हापूरकर:
वहिनी, टपाल ठीक, पण संस्थानाने स्वतः विमानतळ काढायला राजाराम महाराज लागतात. उजळाईवाडी! आणि 10 मार्च 2024 ला पुण्याच्या टर्मिनलचं उद्घाटन झालं त्याच कार्यक्रमात आमच्याही टर्मिनलचं झालं. पुणेकर हे सांगत नाहीत. त्यांचं तर उद्घाटनानंतर जुलैपर्यंत कुलूपच होतं.

कोथरूडकर:
चार महिने कुलूप होतं, खरंय. पण ढोल कोल्हापूरहून येणार आहेत का?

ताशा (बाजूला उभा राहणारा):
एक शंका. ढोलांची पानं चामड्याची आहेत की फायबरची? चामडं असेल तर इथल्या कस्टममध्ये कागद मागतात. विमानतळ कुठलाही असो.

औंधकर काका:
फायबरच्या ढोलाला ढोल म्हणायचं असेल तर मी झांज घेतो.

बाणेरची:
काका, फायबर पावसात उतरत नाही. इथला सप्टेंबर विसरलात? बाकी पुण्याचा नवा, पुरंदरचा विमानतळ झाला की हा प्रश्नच उरणार नाही.

कोथरूडकर:
पुरंदर 2016 पासून होतोय. सात गावांची जमीन, अंजिराच्या बागा. पारगावच्या लोकांचा विरोध आहे आणि तो उगाच नाही. तोवर आपले ढोल फुटतील.

खजिनदार:
ज्यांना पुणे हवंय त्यांनी विम्याचा फरक स्वतः भरावा. मंडळाच्या खात्यातून एकच बिल निघेल.

कार्यक्रम समिती:
ठीक. टेम्पो, मुंबईचं सहार कार्गो, फायबर पानं. मुलाला फोन केलाय. काका, झांज तुमच्या नावावर लिहिली.