होलो नाइटमधल्या पावसाचा लिनोकट: नुसती काळी शाई की सोबत निळी?

बाकावरची_बया (लातूर)

नमस्कार मंडळी. एटीडी (चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा) झालंय, घरीच एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या पोरांचे चित्रकलेचे क्लास घेते. रात्री पोरं गेली, भांडी आवरली की लॅपटॉप आणि होलो नाइट हा व्हिडिओ गेम. ४ सप्टेंबर २०२५ ला त्याचा पुढचा भाग सिल्कसॉन्ग आला, सगळे त्यातल्या नायिकेच्या, हॉर्नेटच्या मागे पळाले, मीही पळाले. पण खरं सांगू? मन परत २०१७ च्या पहिल्या गेममध्येच जाऊन बसलंय. तेही एका ठरावीक बाकावर.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जमिनीखाली किड्यांचं एक ओसाड पडलेलं राज्य आहे, हॅलोनेस्ट. आपण पांढऱ्या मुखवट्याचा एक बारका शिपाई. जागोजागी बाक असतात. त्यावर टेकलं की जीव भरतो आणि गेम सेव्ह होतो. तर या राज्याच्या मध्यभागी सिटी ऑफ टिअर्स नावाचं शहर आहे, तिथं पाऊस थांबतच नाही. जमिनीखाली पाऊस कसा, म्हणाल. वर ब्लू लेक नावाचं मोठं तळं आहे, त्याचं पाणी झिरपून खाली पडतंय.

मी लातूरची. २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं. घरात कुठली घागर प्यायची आणि कुठली वापरायची यावर भांडणं व्हायची. त्यामुळं असेल, पण या शहरात पहिल्यांदा पोचले तेव्हा लढायचं सोडून नुसती उभी राहिले. चोवीस तास धो धो पाऊस, आणि एक माणूस बादली लावत नाही! पुढं एका मोठ्या खिडकीपाशी बाक लागतो, तिथं क्विरल नावाचा एक भटका प्रवासी बाहेर बघत बसलेला असतो. आपण त्याच्या शेजारी टेकायचं. बाहेर मनोरे, पाऊस, आणि ख्रिस्तोफर लार्किनचं ते संगीत. या गेमचं चित्रकाम एरी गिब्सननं हातानं केलंय, ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या मोजक्या माणसांत एवढं जग उभं राहिलं, हे मी क्लासमधल्या पोरांना इतक्यांदा सांगितलंय की आता ती कान बंद करतात.

तर हा बाक, ही खिडकी, हा पाऊस मला लिनोवर कोरायचाय, म्हणजे लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर कोरून, शाई लावून कागदावर ठसा घ्यायचाय. भाऊ म्हणतो, स्क्रीनशॉट काढ अन् फ्लेक्सवाल्याकडून मारून आण, तासात काम होतंय. त्याला गल्लीतल्या वाढदिवसांच्या बॅनरवर चिकटवून टाकावं वाटतं.

लिनो आणि हत्यारं आहेत. प्रश्न असे. एक, नुसत्या काळ्यात तो ओला निळसर उजेड येईल का, की निळा वेगळा छापू? दोन, पाण्यात मिसळणारी शाई एप्रिलमध्ये रोलरवरच वाळायलीय, काय करू? तीन, प्रेस नाही, हातानं दाबून छपाई नीट येते का? आणि ओळखीतले दोघं-तिघं म्हणायलेत, आम्हाला विकत दे. विकावं का?

ट्रेडलवाले_काका (छत्रपती संभाजीनगर)

ताई, गेम मी खेळत नाही. नातवाला तुमचा तो देखावा लावायला सांगून बघितला. त्याला वाटलं आजोबांना काहीतरी झालं.

उभी हयात लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापण्यात गेली, आधी ट्रेडल, मग ऑफसेट. म्हणून शाईपासून सुरू करतो. पाण्याची शाई मराठवाड्यात मार्चनंतर विसरा. दार-खिडक्या लावून, पंखा बंद करून कामं करणारे आहेत, पण मग शाई वाचते आणि माणूस वाळतो. तेलाची घ्या. छपाईच्या सामानाच्या दुकानात ऑफसेटची काळी मिळते. ती घट्ट आणि चिकट असते, काचेवर पट्टीनं मळून मऊ करा, अगदीच ओढत असेल तर रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड जवसाचं तेल दोन थेंब. चटणीचं कच्चं तेल नको, ते आठवडा आठवडा वाळत नाही. गंमत बघा, तुमच्या हातातला लिनोसुद्धा जवसाच्या तेलाचाच: तेल हवा लागू देऊन घट्ट करायचं, त्यात बाटलीला लावतात त्या बुचाचा भुसा आणि राळ, मागं तागाचं कापड. आपल्या शेताच्या कडेला जवसाची निळी फुलं दिसतात, त्यातलंच हे.

एक गोष्ट मात्र दटावून सांगतो. या तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं, बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंधी पसरून बाहेर वाळवा, किंवा पाण्यात बुडवून मग टाका. पोरांचे क्लास घेता म्हणून मुद्दाम सांगितलं. हात आणि रोलर आधी खायच्या तेलानं पुसा, मग भांड्याचा साबण.

आता चित्र. लिनोत कापलं ते पांढरं राहतं, ठेवलं ते काळं छापतं. मागं अंधार आणि पाऊस उजळ, म्हणजे व्ही टूलचा (व्ही आकाराच्या टोकाच्या हत्याराचा) एक फटकारा, एक सर. देखावा लिनोला सोयीचाच निवडलात. अडचण धुक्याची आहे. गेममध्ये थरामागं थर ठेवलेत, मागचे फिके, पुढचे काळेकुट्ट. लिनोला फिकं कळत नाही. तिथं रेघांच्या दाटीवर भागवा: लांबच्या मनोऱ्यांवर बारीक, दाट रेघा, मधल्यांवर विरळ, खिडकीच्या चौकटीवर एकही नाही. माझं मत विचाराल तर निळ्याची गरजच पडणार नाही.

हातानं छपाई छान होते. कागद पातळ आणि लांब धाग्याचा हवा, जाड कार्ट्रिज पेपर प्रेसशिवाय शाई उचलत नाही. लाकडी चमच्याच्या पाठीनं गोल गोल घासा, मधेच एक कोपरा उचलून बघा, पण दुसरा हात कागदावर दाबलेला ठेवा. आणि चित्र उलटं उमटतं हे लक्षात ठेवून बटर पेपर उलटा करून मगच चित्र लिनोवर उतरवा, नाहीतर तो प्रवासी बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसेल.

कॉन्ट्रा_तीस_जीव (नांदेड)

काय करूलालात ताई, एवढा पाऊस कोरता कोरता मनगट जाईल! माझं ऐका, सुरुवात मारियोपासून करा. आम्ही जुन्या व्हिडिओ गेमच्या पिवळ्या कॅसेटवाले. उन्हाळ्याच्या सुट्टीत टीव्हीला डबा लावायचा, कॅसेट लागली नाही की फुंकर मारायची, आणि लाइट गेली की कॉन्ट्रा गेममधले तीसच्या तीस जीव एका झटक्यात खल्लास.

मस्करी सोडा, मुद्दा सांगतो. त्या जुन्या मशीनमध्ये हलणाऱ्या आकृतीच्या एका तुकड्याला तीनच रंग मिळायचे, चौथा म्हणजे आरपार. मारियो बघा: लाल, तपकिरी, कातडीचा. तीन रंग म्हणजे तीन ठोकळे, रंगाला एक कोरलेला, झाली की तुमची छपाई! १९८५ च्या सुपर मारियो ब्रदर्समध्ये ढग आणि झुडूप एकाच आकाराचे आहेत, नुसता रंग बदललाय. एक ठोकळा कोरायचा, पांढऱ्यात मारला की ढग, हिरव्यात मारला की झुडूप. १९८१ च्या डाँकी काँगमध्ये गेम बनवणाऱ्या मियामोटोनं मारियोला मिशा दिल्या कारण एवढ्याशा चौकोनांत तोंड काढता येईना, आणि टोपी दिली कारण केस काढणं जमेना. आता मिशा कोरायला किती वेळ लागतो?

आलेखाच्या वहीवर १६ बाय १६ चौकोन आखायचे की काम सुरू.

गुलमंडीची_शाई (छत्रपती संभाजीनगर)

दादांचा रंगांचा हिशोब पटला, पण चौकोन लिनोवर कोरून बघा एकदा. काटकोनात सरळ कड, प्रत्येक कोपऱ्यात हत्यार थांबवायचं, एक चौकोन हुकला की मारियोचा डोळा गेला. हाताला त्यात काहीच मजा येत नाही. होलो नाइटची रेघ वळणदार आहे, शिंगं, मुखवटे, लोखंडी नक्षी. लिनोच्या हत्याराला असंच वळण आवडतं. ताईंनी पाऊसच करावा.

काकांशी मात्र निळ्यावरून भांडणार. काळ्या-पांढऱ्यात ते शहर नुसतं अंधारं दिसेल, ओलं दिसणार नाही. जपानी ठशांमध्ये आकाश आणि पाणी वरून गडद, खाली फिकं होत जातं ते आठवा. त्याला बोकाशी म्हणतात, ओल्या ठोकळ्यावर रंग ब्रशनं किंवा फडक्यानं उतरवत नेतात. होकुसाईची मोठी लाट, साधारण १८३१ ची, तिच्यातला निळा युरोपातून आलेला प्रशियन ब्लू. ताई, तुम्ही तेलाच्या शाईत हेच रोलरनं करू शकता. काचेवर एका टोकाला निळी, दुसऱ्या टोकाला पारदर्शक मीडियम (बिनरंगाची शाई), आणि रोलर एकाच दिशेनं मागंपुढं. मधे आपोआप उतार तयार होतो. तो सपाट ठोकळ्यावर फक्त खिडकीच्या भागात लावायचा, आधी हा छापायचा, वाळू द्यायचा, वर काळा ठोकळा. काळ्यात कापलेल्या सरींमधून निळं दिसेल. काही सरी दोन्ही ठोकळ्यांवर कापल्या तर त्या शुभ्र राहतील, बाकीच्या निळ्या. पाऊस तिथं खोल होतो.

दोन ठोकळे म्हणजे रजिस्ट्रेशन, दोन्ही छाप एकावर एक नेमके बसवणं, आलंच. पुठ्ठ्यावर ठोकळ्याच्या मापाची चौकट करा, कागदासाठी एक कोपरा आणि एका बाजूला एक पट्टी चिकटवा. जपानी कारागीर ही खूण ठोकळ्यातच कोरतात, केंतो म्हणतात तिला.

आणि तुमच्या भावाला यूकियो-ए हीरोज दाखवा. जेड हेन्री नावाचा अमेरिकन चित्रकार गेममधली पात्रं जुन्या जपानी ठशांच्या धाटणीत काढायचा. तोक्योत राहणारे डेव्ह बुल ती लाकडावर कोरून छापायला तयार झाले, २०१२ मध्ये दोघांनी लोकवर्गणी मागितली आणि ती धो धो आली. बुल यांचं तोक्योतल्या आसाकुसात दुकान आहे, कोरताना-छापतानाचे व्हिडिओ आहेत, रात्री एक लावला तर चार बघून होतात. हे नातं तसं जुनंच. मारियोवाली निंटेंडो कंपनी १८८९ मध्ये क्योटोत सुरू झाली ती हानाफुदाचे पत्ते बनवायला, आणि ते फुलापानांचे पत्ते म्हणजे छपाईच की. उलट दिशेनंही बघा: २००६ चा ओकामी हा गेम खेळताना तुम्ही खुद्द ब्रशनं रेघ मारता. २०१८ चा रिटर्न ऑफ द ओब्रा डिन दोनच रंगांत आहे, जुन्या पुस्तकातल्या कोरीव चित्रात शिरल्यासारखं वाटतं. २०२२ चा पेंटिमेंट तर सोळाव्या शतकातल्या बव्हेरियातल्या चित्रकाराचाच. ताई, तो तुम्ही खेळलाच पाहिजे, हातानं लिहिलेल्या पोथ्या आणि नवीन छापखाना यांची ओढाताण त्यात आहे.

विक्रीचं: पात्रं आणि ते शहर होलो नाइट बनवणाऱ्या टीम चेरीचं. आपल्याकडं १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, आणि "मी हातानं कोरलंय" एवढ्यावर दुसऱ्याच्या पात्राचा धंदा करायचा हक्क मिळत नाही. काही कंपन्या फॅन-कलेबद्दल त्यांचे नियम साइटवर टाकतात, ते बघा. नसतील तर सरळ मेल करून विचारा. घरात लावायला आणि मैत्रिणीला द्यायला इतका विचार नको.

बाकावरची_बया (लातूर)

सगळ्यांचे आभार. काका, चिंध्यांचं वाचून आधी उठून माळ्यावरचा बोळा बाहेर टाकला. पाण्यात बुडवून.

निळा घेणार. पण काकांच्या रेघाही घेणार, कारण मनोऱ्यांचं लांब-जवळ त्यानंच कळेल. काल दोन्ही कच्चं काढून बघितलं: नुसत्या रोलरच्या उतारानं पाऊस पडद्यासारखा सपाट दिसतो, मागं शहर आहे असं वाटत नाही. आणखी एक ठरवलं, शिपायाचा मुखवटा कागदाचाच पांढरा ठेवायचा, त्याच्यावर निळ्याचा थेंब नको. अख्ख्या चित्रात कोरा कागद तिथं आणि मोजक्या सरींत, बाकी कुठंच नाही. क्विरलला थोडा अंधारात सारला.

नांदेडकर दादा, तुमचा ढग-झुडूप ठोकळा मी क्लासच्या पोरांना देणार आहे, खोडरबरावर. एकच ठसा दोन रंगांत, चौथीतल्या पोरालाही जमेल. एक शंका राहिली. काळ्याच्या आधी निळा किती वाळू द्यायचा?

ट्रेडलवाले_काका

बोट हलकं टेकवून बघा, डाग आला नाही म्हणजे झालं. लातूरच्या उन्हाळ्यात दोन-तीन दिवस धरा, निळा थर पातळ ठेवला तर आधीच. फार दिवसही थांबू नका, निळा कडक होऊन चमकायला लागला की वरची काळी नीट बसत नाही. कागद दोरीला चिमट्यानं लावा, एकावर एक रचू नका. नातू विचारतोय, सिल्कसॉन्गचाही करणार का.

कॉन्ट्रा_तीस_जीव

ताई, एक ठसा माझ्यासाठी राखून ठेवा. विकत नको, कायदा वाचला आता. बदल्यात कॉन्ट्राची कॅसेट देतो, फुंकर मारली की अजून चालते.