विषय: शनिवारच्या चीज सॉसमध्ये ग्लुटेन आहे का?

नमस्कार मंडळी,

शनिवारच्या कार्यक्रमात मुलांसाठी मक्याच्या चिप्स आणि गरम चीज सॉस ठेवणार असल्याचं वाचलं. माझ्या मुलीला मागच्याच महिन्यात सीलिअॅकचं निदान झालंय, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन तिच्या आतड्याला इजा करतं. आठ वर्षांची आहे. सॉसच्या बरणीवर 'गहू' कुठेच दिसत नाही. चीज म्हणजे शेवटी दूधच, मग चालेल ना? तिला वेगळं ताट न देता सगळ्यांबरोबर खाता आलं तर फार बरं वाटेल.

— एक नवी सभासद

---

उत्तर: शनिवारच्या चीज सॉसमध्ये ग्लुटेन आहे का?

ताई, माझ्या मुलाच्या निदानाला सहा वर्षं झाली, त्यामुळे तुमची काळजी मला चांगलीच कळते.

चीजमध्ये ग्लुटेन नसतं हे खरं आहे. पाहायचं ते सॉसला दाटपणा कशाने आणलाय. घरी आपण लोण्यात मैदा परततो, वर दूध ओततो, मग चीज घालतो. मैद्यातला स्टार्च फुगतो आणि चीजमधलं तूप सुटू देत नाही. कारखान्यात हेच काम सोडियम सायट्रेट किंवा सोडियम फॉस्फेट हे क्षार करतात, मग पिठाची गरज उरत नाही. काही सॉस मक्याच्या स्टार्चने दाट करतात, काही सरळ मैद्याने. म्हणून 'चीज सॉस चालतो' असं सरसकट कुणी सांगितलं तर ऐकू नका, दर वेळी ती बरणीच वाचायची.

आणि नुसतं 'गहू' शोधून भागत नाही. अमेरिकेतल्या 2004 च्या अॅलर्जीच्या कायद्याने गव्हाचं नाव छापावंच लागतं, पण बार्ली (जव) आणि राय या धान्यांतही ग्लुटेन असतं आणि ती त्या यादीत नाहीत. कॅनडा आणि युरोपात त्यांचीही नावं द्यावी लागतात. बार्ली बहुतेकदा 'माल्ट' या नावाने येते: माल्ट एक्स्ट्रॅक्ट, माल्ट व्हिनेगर. बिअर घातलेले चीज सॉसही असतात, ते तर लांबच ठेवा. माल्टोडेक्स्ट्रिनच्या नावात 'माल्ट' असलं तरी त्याचा बार्लीच्या माल्टशी संबंध नाही. पहिल्या वर्षी मी त्या एका शब्दापायी कितीतरी बरण्या परत ठेवल्या होत्या.

गेल्या वर्षी एकाच कंपनीच्या दोन चवींच्या बरण्या आणल्या. झाकण तेच, चित्रही जवळपास तेच. साध्या सॉसमध्ये मक्याचा स्टार्च होता, तिखट सॉसमध्ये मैदा. साधा नेहमीचा म्हणून मी तिखटाची यादी वाचलीच नाही, आणि मुलाला रात्रभर उलट्या झाल्या. तेव्हापासून नेहमीची बरणीसुद्धा दर वेळी उलटी करून वाचते, कारण घटक न सांगता बदलतात.

— तुमच्यासारखीच एक आई

---

उत्तर: उत्तर: शनिवारच्या चीज सॉसमध्ये ग्लुटेन आहे का?

वहिनी, खाद्य समितीकडून लिहितोय. आणलेल्या बरणीवरची यादी: चीज, पाणी, मॉडिफाइड फूड स्टार्च, सोडियम फॉस्फेट, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, मीठ, रंग. 'ग्लुटेन-फ्री' असं कुठेही छापलेलं नाही. चालेल का?

---

उत्तर: उत्तर: उत्तर: शनिवारच्या चीज सॉसमध्ये ग्लुटेन आहे का?

दादा, यादी पाठवलीत हे उत्तम केलंत.

स्टार्चची मला चिंता नाही. तो गव्हाचा असता तर अमेरिकेत तसं लिहावंच लागलं असतं. मी अडते यीस्ट एक्स्ट्रॅक्टपाशी. ते कधीकधी बिअर गाळून उरलेल्या यीस्टपासून करतात आणि त्यात बार्लीचा अंश राहू शकतो. कंपनीला विचारून लेखी उत्तर मिळालं तर ठीक, पण शनिवार जवळ आलाय. ही बरणी बाकीच्यांसाठी राहू द्या आणि 'ग्लुटेन-फ्री' छापलेली एक वेगळी घ्या. अमेरिकेत आणि युरोपात तसं छापायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, म्हणजे 100 ग्रॅम सॉसमध्ये फार तर 2 मिलिग्रॅम. 'गव्हाचे अंश असू शकतात' ही सूचना मात्र अमेरिकेत ऐच्छिक आहे. ती दिसली नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

आता खरी कळीची गोष्ट. बरणी कितीही चोख असली तरी दहा मुलं त्याच भांड्यात ब्रेडचे तुकडे बुडवणार असतील तर सगळी मेहनत वाया. तिची वाटी कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच भरून, झाकून बाजूला ठेवा. पळी वेगळी, चिप्सचं पाकीटही तिच्यासाठी न फोडलेलं. आणि ताई, तिला पोटदुखी झाली नाही म्हणजे काही झालं नाही असं समजू नका. त्रास न दिसताही आतड्याला इजा होत असते.

---

उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: शनिवारच्या चीज सॉसमध्ये ग्लुटेन आहे का?

ग्लुटेन-फ्री छापलेली बरणी मिळाली, यादीचा फोटो दोघींना पाठवलाय. आणि एकच बरणी कशाला, समितीने सगळ्यांसाठीच तोच सॉस घ्यायचं ठरवलंय. ब्रेड वेगळ्या टेबलावर जाईल.

---

उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: शनिवारच्या चीज सॉसमध्ये ग्लुटेन आहे का?

फोटो मोठा करून दोनदा वाचला. माल्ट नाही, यीस्ट एक्स्ट्रॅक्टही नाही. तुम्हा दोघांचे मनापासून आभार. मी साडेतीनला पोहोचते. वाटी आणि पळी घरून आणते आणि बरणी उघडली की सगळ्यांच्या आधी तिचा सॉस काढून घेते.