अनुभव धागा : कोरियन पंगतीत ‘छान झालंय’ कसं म्हणायचं?

ताकभात (धागाकर्ती)

लेकीने कोरियन भाषेचा क्लास लावल्यापासून आमच्या घरात जेवणाआधी ‘चाल मॉक्केस्सुम्निदा’ आणि जेवणानंतर ‘चाल मॉगॉस्सुम्निदा’ असा गजर होतो. (च ‘चहा’तला, ‘चमच्या’तला नव्हे, ही तिची सक्त ताकीद.) पहिल्याचा अर्थ ‘आता व्यवस्थित जेवते’, दुसऱ्याचा ‘व्यवस्थित जेवले’. यात भाजीला कोणी चांगलं म्हटलं का? नाही. तरी ऐकायला बरं वाटतं हे कबूल. आमच्याकडे कौतुकाची मजल ‘आज मीठ बरोबर पडलंय’च्या पुढे कधी गेली नाही.

तर कोरियात राहिलेले, इथल्या कोरियन कंपन्यांत काम करणारे, कोरियन घरात लग्न करून गेलेले, नुसत्या मालिका बघून शिकलेले, सगळ्यांनी लिहा. कोणाला, कधी, काय म्हणालात आणि पुढे काय झालं? व्याकरणाचा तास नको, तो घरी रोज चालू आहे.

देजॉनकर

मी देजॉनला संशोधनासाठी होतो. माझं शिक्षण झालं ‘कुने शिक्तांग’मध्ये, म्हणजे संस्थेच्या कँटीनमध्ये. ट्रेमध्ये डावीकडे भात, उजवीकडे सूप, वरच्या खणांत किमची आणि बाकीचे पानचान, म्हणजे तोंडीलावणी. जेवण झालं की ट्रे आपणच खिडकीशी नेऊन द्यायचा आणि आत भांडी विसळणाऱ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात चाल मॉगॉस्सुम्निदा म्हणायचं. आमच्या लॅबमध्ये सगळे म्हणत, प्राध्यापकसुद्धा. आतून मान वर न करता एक लांबलचक ‘नेऽऽ’, म्हणजे ‘होऽऽ’, येई. सूप पाणचट असो, मासा करपलेला असो, वाक्य तेच. म्हणून मी याला कौतुक म्हणणार नाही. ही पोच आहे. आपल्या ‘अन्नदाता सुखी भव’च्या घराण्यातली. फक्त आपण ते पंगतीत मोघम म्हणतो आणि ते ज्या बाईने रांधलं तिला ऐकवतात.

खरी परीक्षा ‘ह्वेशिक’ला. म्हणजे ऑफिसच्या किंवा लॅबच्या मंडळींचं बाहेरचं सामुदायिक जेवण. तिथे सगळ्यांत ज्येष्ठ माणसाने चमचा उचलल्याशिवाय बाकीचे उचलत नाहीत, आणि चाल मॉक्केस्सुम्निदा हे स्वयंपाक्याला नव्हे तर बिल देणाऱ्याकडे बघून म्हणायचं. निघताना चाल मॉगॉस्सुम्निदा. जास्त मान द्यायचा असेल तर आधी ‘क्योसुनिम तॉक्पुने’ जोडायचं, ‘सर, तुमच्यामुळे’. इथवर पुस्तकात असतं. पुस्तकात नव्हतं ते शेजारच्या टेबलावरच्या पीएचडीच्या मुलाने शिकवलं: दुसऱ्या दिवशी सकाळी भेटल्यावर पुन्हा एकदा, ‘ऑजे चाल मॉगॉस्सुम्निदा’. काल छान जेवलो. रात्री तर सगळेच म्हणतात, त्या गोंगाटात कोण मोजतो? सकाळचं नेमकं पोचतं. आमचे सर एरवी आकडेवारीखेरीज बोलत नसत, पण या वाक्यानंतर कोणतं हॉटेल आवडलं, पुढच्या वेळी कुठे जाऊ, अशी गाडी सुरू होई.

ताकभात

सकाळचं लेकीला सांगितलं, वहीत गेलं. पण मग ‘माशिस्सॉयो’ कुठे वापरायचं? क्लासमध्ये सगळ्यात आधी तेच शिकवलं होतं.

जॉल्लाची सून

माशिस्सॉयो म्हणजे ‘चविष्ट आहे’. कुठेही चालतं आणि म्हणूनच घरात फारसं लागत नाही. नवरा कोरियन, सासर जॉल्ला प्रांतात. जेवणाच्या बाबतीत अख्खा कोरिया या प्रांताचं नाव काढतो, त्यामुळे सासूबाईंना ‘चविष्ट आहे’ सांगणं म्हणजे सूर्याला उजेड आहे सांगणं.

आधी एक खुलासा. सासूबाईंना ‘ऑमॉनिम’ म्हणायचं. त्यांच्यापुढे ताट सरकवताना ‘मॉगॉयो’ नव्हे, ‘तुसेयो’. मी खाते ते ‘मॉक्ता’, त्या खातात ते ‘तुशिदा’. आजेसासूबाई होत्या तेव्हा त्यांच्यासाठी आणखी वरची पायरी होती, ‘चाप्सुशिदा’, आणि त्यांच्या वाटीतला भातसुद्धा साधा ‘पाप’ न राहता ‘चिंजी’ व्हायचा. हे एकदा तोंडात बसलं की निम्मं कौतुक तिथेच होऊन जातं. मोठ्यांना ‘माशिस्सॉ?’ असं शेपूट तोडून विचारणाऱ्याने पुढे कितीही गोड बोललं तरी उपयोग नाही.

आता किमजांग. नोव्हेंबरच्या अखेरीस, डिसेंबर लागता लागता सगळं घर हिवाळ्याची किमची घालायला जमतं. (युनेस्कोने २०१३ मध्ये वारशाच्या यादीत घातलेली हीच ती.) मिठात मुरलेल्या चिनी कोबीचे ढीग, भलीमोठी परात, लाल रबरी हातमोजे, लाल मिरचीची पूड, लसूण, आलं, मुळ्याच्या काड्या, खारवलेली कोळंबी. कंबर मोडते. मध्येच ऑमॉनिम एक पान मसाल्यात घोळवतात, गुंडाळी करतात आणि तशीच हाताने तोंडात भरवून विचारतात, ‘कान ऑत्ते?’ ‘कान’ म्हणजे मिठाचा अंदाज. कसा आहे, सांग.

इथे माशिस्सॉयो म्हणणं म्हणजे प्रश्नाला बगल देणं. त्यांना मत हवं असतं, कारण परात अजून भरायची आहे. आळणी असेल तर ‘शिंगॉवॉयो’, खारट असेल तर ‘चायो’, बिनधास्त सांगायचं. आणि बरोबर असेल तर ‘कानी ताक माजायो’: मीठ अगदी नेमकं आहे. हे ऐकल्यावर त्या जी मान डोलावतात, ती मी दुसऱ्या कुठल्याही वाक्याने डोलावलेली पाहिली नाही. तेव्हा ताकभात, तुमच्या घरच्या ‘मीठ बरोबर पडलंय’ला कमी लेखू नका. आमच्या सासरी ते सर्वोच्च पदक आहे.

पाहुण्यांनी म्हणायचं वेगळं वाक्य आहे, ‘उमशिक सोमशिगा चोउशिनेयो’. तुमच्या हाताला फार छान वळण आहे हो, अशा अर्थाचं. ते मी म्हणत नाही. सुनेने सासूच्या हाताला गुण देणं बरं दिसत नाही, असं माझ्या मोठ्या जावेचं मत, आणि ते मला पटलं. मी दोन गोष्टी करते. ‘तॉ चुसेयो’, आणखी द्या, म्हणून वाटी पुढे करते, आणि निघताना रिकामे डबे पुढे ठेवते. डबे बघून ऑमॉनिम ‘एवढे कशाला’ म्हणतात आणि आतून आणखी दोन आणतात.

एमआयडीसी दुभाषी

मी रांजणगाव-चाकण पट्ट्यात दुभाषाचं काम करते, त्यामुळे माझा अनुभव उलट्या बाजूचा. कोरियन साहेब मराठी घरी जेवायला आले की दोन्हीकडचं मला पोचवावं लागतं.

शिरूरकडच्या एका सुपरवायझरच्या घरी गेलो होतो. त्यांच्या आईने सवयीने सांगितलं, ‘काही विशेष केलं नाही हो, गोड मानून घ्या.’ समोर भरली वांगी, मटकीची उसळ, बाजरीच्या भाकऱ्या, ठेचा, पापड, खीर. नवा दुभाषी इथे अडखळतो, कारण शब्दशः सांगितलं तर पाहुणा ताटाकडे बघून गोंधळेल असं वाटतं. पण कोरियन यजमानीण हेच्च म्हणते: ‘चारिन गॉन ऑप्चिमान मानी तुसेयो’. मांडलंय तसं काही नाही, पण पोटभर घ्या. साहेबांनी ते ऐकलं, ताटाकडे पाहिलं आणि जोरात हसले. त्यांचीही आई हेच म्हणत असणार.

पुढे आजींनी विचारलं, ‘चालतंय ना तुम्हाला?’ याला कोरियनमध्ये नेमका जोड आहे, ‘इबे माजुसेयो?’ तोंडाला रुचतंय का. परक्या देशाचं जेवण जेवणाऱ्याला हे हमखास विचारतात, आणि उत्तर ‘ने, चाल माजायो’. तुम्ही कोरियात पाहुणे असाल तर नुसत्या माशिस्सॉयोपेक्षा हे जास्त उपयोगी, कारण यजमानीणबाईंना खरी काळजी तिखटाची असते. मराठी माणसाच्या बाबतीत ती काळजी हास्यास्पद आहे, पण त्यांना कोण सांगणार!

आणि मिसळ. तर्रीचा पहिला चमचा घेऊन एका इंजिनियरच्या तोंडून निघालं, ‘ऑल्कुनहाने!’ नुसतं तिखट म्हणजे ‘मेवॉयो’. ऑल्कुन हे रश्शाचं तिखट, घाम फोडून बरं वाटायला लावणारं. मी त्याचं भाषांतर ‘झणझणीत’ असं केलं आणि हॉटेलमालकाने एक वाटी तर्री फुकट पाठवली. याला कोरियात ‘सॉबिसु’ म्हणतात. म्हणजे इंग्रजीतली सर्व्हिसच, पण अर्थ ‘ही आमच्याकडून’.

निव्वळ शाकाहारी

वरचं सगळं वाचून तोंडाला पाणी सुटलं आणि आटलंही. खारवलेली कोळंबी म्हटल्यावर किमची संपली ना आमच्यासाठी. सोलच्या ग्वांगजांग बाजारात जात्यावर मूग दळून ‘पिंदेत्तॉक’ करतात. दिसायला थेट आपलं मुगाचं धिरडं. आनंदाने पुढे झालो तर काहींत डुकराचं मांस. आधी विचारायचं, मग ‘कोगी पेगो चुसेयो’, मांस वगळून द्या, आणि मग कौतुक. हा आमचा क्रम.

पण शाकाहाऱ्यांनाही चांगले शब्द आहेत, ते कोणी शिकवत नाही. उकडलेल्या पालेभाज्यांना तिळाचं तेल आणि भाजलेले तीळ लावून ‘नामुल’ करतात. त्यांना ‘कोसोहेयो’ म्हणायचं, खमंग. आणि तेलकट नसलेल्या, स्वच्छ चवीच्या पदार्थाला ‘ताम्बेखेयो’. हे दोन शब्द वापरले की बाई समजतात की हा परदेशी नुसतं पाठ केलेलं बोलत नाहीये, खरंच चव घेतोय.

एका बौद्ध मठात मुक्काम केला होता. तिथे कांदा-लसूणही वर्ज्य, माझ्या आजीला आवडलं असतं. सकाळचं जेवण ‘पारु कोंग्यांग’ पद्धतीचं: एकात एक बसणारी चार भांडी, आधी हे अन्न कुठून आलं, मी त्याच्या लायक आहे का अशा अर्थाचे श्लोक, आणि नंतर चिडीचूप. शेवटी मुळ्याच्या लोणच्याच्या फोडीने आणि थोड्या पाण्याने भांडी पुसायची आणि ते पाणी पिऊन टाकायचं. तिथे माशिस्सॉयोला जागाच नाही. शीत उरता कामा नये, झालं. मला व्यक्तिशः हे सगळ्यांत सोपं गेलं. लहानपणी ताटात टाकलं तर काय व्हायचं ते आठवतंय ना सगळ्यांना?

रात्रीची मालिका

मी मालिकांतून शिकले आणि सांगते, मालिकांतलं निम्मं वापरायचं नसतं. मित्र-मैत्रिणी एकमेकांना ‘माशिस्सॉ’, ‘तेबाक’ (भन्नाट!) म्हणतात ते तिथेच ठेवा. शेवटी ‘यो’ लावलं की बहुतेक ठिकाणी निभावतं. आणि ‘माशिस्सॉयो’ऐवजी पहिल्या घासाला ‘माशिन्नेयो’ म्हणून बघा. म्हणजे ‘अरे वा, छान आहे की!’ आत्ताच कळल्यासारखं. न खाता म्हणता येत नाही, म्हणून खरं वाटतं.

आणि हॉटेलातल्या वाढणाऱ्या बाईंना ‘इमो’ म्हणतात, मावशी! इमो म्हटलं की किमची पुन्हा भरून येते.

देजॉनकर

किमची इमो न म्हणताही येते, बहुतेक ठिकाणी पानचान पुन्हा मागायला पैसे पडत नाहीत. आणि हे इमो प्रकरण जपून. जुन्या खाणावळीत, वयस्कर बाई असतील तर गोड वाटतं. सोलच्या कॅफेत विशीतल्या मुलीला मावशी म्हणालात तर मावशी काय म्हणेल ते आपल्याकडेही माहीत आहे. तिथे ‘यॉगियो’, म्हणजे ‘अहो, इकडे’, किंवा मालकांना ‘साजांगनिम’. आता तर कित्येक ठिकाणी ऑर्डर यंत्रावर द्यायची असते, तेव्हा कौतुकाची संधी निघतानाच.

कढत सूपवाला

कोणीच ‘शिवॉनहादा’ लिहिलं नाही? चॉन्जूला मोड आलेल्या सोयाबीनचं ‘कोंगनामुल कुक्पाप’ मिळतं. मातीच्या भांड्यात रटरटतच समोर येतं. शेजारचे आजोबा घोट घेऊन डोळे मिटून म्हणाले, ‘आऽ, शिवॉनहादा’. तर या शब्दाचा रोजचा अर्थ गार, मोकळं. वाऱ्याची झुळूक आली की म्हणतात तो. पण कढत सूप छातीतून खाली उतरून आत मोकळं वाटलं की तोच शब्द. मी पुढचा घोट घेऊन ‘शिवॉनहानेयो’ म्हटलं तर आजोबांनी त्यांच्या वाटीतलं अंडं माझ्याकडे सरकवलं. परदेशी माणसाने हे म्हणावं, याचं त्यांना फार कौतुक.

ताकभात

जॉल्लाची सून, शेवटचा प्रश्न तुम्हाला. पोट भरल्यावर, यजमानीणबाईंचं मन न दुखवता थांबायचं कसं?

जॉल्लाची सून

वेग सांभाळायचा. वाटी आधी रिकामी झाली की भरली जाते, उशिरा झाली की ‘आवडलं नाही का?’ होतं. म्हणून ऑमॉनिमच्या घासाला घास लावून जेवायचं आणि त्यांच्याबरोबरच चमचा खाली ठेवायचा. मग ‘पेबुल्लॉयो’, पोट भरलं, ‘चॉंग्माल चाल मॉगॉस्सुम्निदा’, खरंच छान जेवले. जेवण तिथे थांबतं. त्यानंतर सफरचंद आणि नाशपातीच्या सोललेल्या फोडी येतात. त्यांना नाही म्हणायचं वाक्य मला अजून सापडलेलं नाही.