पार्किंगचा कोबा उखडलाय: वरून थर द्यावा की मुळापासून नवा करावा?

मदत हवी आहे. जुळे सोलापुरात घर आहे. पार्किंग १० बाय १८ फूट, वर स्लॅब, गाडी एकच आणि दोन दुचाक्या. जुन्या कोब्याची खडी उघडी पडली आहे, झाडलं की रोज सिमेंटची पूड निघते. मधोमध लांब भेग आहे आणि तिची एक बाजू थोडी खचली आहे. खाली काळी माती आहे, म्हणून जास्त काळजी वाटते; पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते.

भेग सिमेंटने भरून पाहिली, पुन्हा उघडली. वरून वाळू-सिमेंटचा थरही दिला, तो टायरखाली पापुद्र्यासारखा निघाला.

गेटखाली जेमतेम दीड इंच जागा आहे, त्यामुळे उंची वाढवता येत नाही. नळाला रोज पाणी नाही, म्हणून क्युरिंगसाठी गोणपाट अंथरून ओलं ठेवणार आहे. शहाबादी फरशी नको, काँक्रीटच हवं.

एक गवंडी म्हणतो, जुन्यावरच जाळी टाकून ओता. दुसरा म्हणतो, सगळं फोडा. मलाही फोडणंच पटतंय. पण मग काळी माती किती खोल काढून मुरूम भरावा? आणि एम-२० प्रतीच्या काँक्रीटचा ४ इंच थर पुरेल, की ५ इंच आणि सळई लागेलच?